नडगीवरचा भाडेकरू

बेकरीवाल्याने भट्टीतून पावांचा पत्रा ओढला, फळीवर ठेवला आणि वर पाहिलं, तर दारात औषधवाला उभा होता. कोपऱ्यावरच त्याचं दुकान. इतक्या वर्षांत तो दुपारच्या वेळी दुकान सोडून कधी आला नव्हता. अंगात पांढरा कोट तसाच होता आणि हातात एक कापडी पिशवी होती. ती पिशवी बेकरीवाल्याच्या बायकोची होती. दोन्ही बंद एकमेकांत ओवून तोंडाला घट्ट गाठ मारलेली. पिशवी चार पावलांवर न्यायची असली तरी गाठ मारल्याशिवाय तिला चैन पडत नसे.

"दादा, जरा बसा," औषधवाला म्हणाला.

"पत्रे आत आहेत अजून. बोला."

वहिनी पट्ट्या न्यायला आल्या होत्या, असं औषधवाल्याने सांगायला सुरुवात केली. नव्या आल्यात त्या द्या म्हणाल्या, पिशवीत भरल्या, गाठ मारली, डोकं फार दुखतंय म्हणाल्या आणि काउंटरला धरून खाली बसल्या. वरच्या मजल्यावरचे डॉक्टर धावत आले. गाडी आली तेव्हा घाई करण्यासारखं काही राहिलं नव्हतं. हे सगळं त्याने पिशवीकडे बघत सांगितलं आणि शेवटी पिशवी पुढे केली, कारण दुसरं काय करावं हे त्याला सुचत नव्हतं.

बेकरीवाल्याने पिशवी घेतली. पिठाच्या पोत्यांमागे भिंतीला एक खुंटी होती, तिला ती अडकवली. मग वळून त्याने बाकीचे पत्रे काढायला घेतले. भट्टीवर काम करणारे नाना म्हणाले, मालक, मी बघतो, तुम्ही निघा. त्याने ऐकलं नाही. एकेक करून सगळे पत्रे काढले. पाव करपता कामा नयेत, तेवढंच त्याला त्या वेळी समजत होतं.

भेटायला जे जे आले त्यांच्या तोंडावर दुःखाच्या आधी गोंधळ दिसायचा. आत येऊन ते पहिल्यांदा त्याच्याकडे बघायचे आणि मग घाईने दुसरीकडे. बोललं कुणीच नाही, पण सगळ्यांनी मनातल्या मनात त्याचाच नंबर आधी धरला होता. तोही तसंच धरून चालला होता. तो बसला की खुर्ची दिसेनाशी व्हायची. एक जिना चढला की दुसऱ्याआधी त्याला उभं राहून कठड्याशी गप्पा माराव्या लागत, असं त्याचा मेहुणा म्हणायचा. ती मात्र काडी. दिवसभर गल्ल्यावर उभी, कधी साधी शिंक नाही.

"मी काही तुमच्या आधी जात नाही," ती म्हणायची. "आणि तुम्हीही एवढ्यात जायचं नाही. तुम्हाला उचलायचं म्हणजे सगळी गल्ली गोळा करावी लागेल. आधी बारीक व्हा, मग काय ते ठरवा."

वजन कमी करण्याच्या ऑपरेशनचं तिनेच काढलं होतं, आणि त्याचं कारण होती डाव्या नडगीवरची जखम. दोनेक वर्षांपूर्वी तापलेल्या पत्र्याचा कोपरा तिथे लागला. भट्टीच्या धंद्यात असं होतंच, हातावर जुन्या डागांची रांग होती. पण या डागाने खपली धरली नाही. तो पसरून वाटीएवढा झाला, कडा जांभळ्या पडल्या, आतून पाणी यायला लागलं. मलमं झाली, इंजेक्शनं झाली. आठवडाभर बरं वाटे, पुन्हा चिघळे. बायकोने जखमेचं नाव भाडेकरू ठेवलं. भाडं देत नाही आणि जागाही सोडत नाही, म्हणायची.

रोज संध्याकाळी दुकानाचं शटर अर्धं ओढलं की ती बुटक्या स्टुलावर बसे, त्याचा पाय मांडीवर घेई आणि विचारी, "काय म्हणतोय भाडेकरू?" त्याला स्वतःला काही दिसत नसे. मध्ये पोट होतं. वाकावं तर दम कोंडायचा, आणि वाकूनही हात नडगीपर्यंत पोचत नसे. जखम आज कशी आहे हे त्याला तिच्या तोंडाकडे बघून कळायचं. ओठ मुडपले की चिघळलीय. काही न बोलता भराभर हात चालला की बरी आहे. पट्टी बांधून झाली की बाहेरच्या बाजूला ती पिशवीला मारायची तशीच गाठ मारी आणि पायावर थाप देई, म्हणजे उठा.

ऑपरेशन करणाऱ्या डॉक्टरीणबाईंकडे तीच त्याला घेऊन गेली होती. बाईंनी पाय बघितला, रक्त तपासायला पाठवलं, आणि पुढच्या खेपेला समजावून सांगितलं. अंगावरची चरबी नुसती साठून पडलेली नसते, त्या म्हणाल्या. ती आतल्या आत सारखी धोक्याची घंटा वाजवत राहते. अंगाची पहारा देणारी फौज उगाच धावाधाव करते, दमते, आणि खरी जखम येते तेव्हा तिच्याने काम होत नाही. बाहेरून दिसत नाही, पण सगळ्या अंगाला आतून बारीक सूज असते. तुमच्या रक्तात ती दिसतेय.

त्याने हातावरच्या जुन्या डागांवरून अंगठा फिरवला. मग म्हणाला, "म्हणजे भट्टी रिकामी जळतेय."

"कशी?"

"आत पाव नाही. नुसतं जळण चाललंय. आणि पाव घालायची वेळ आली की निखारे संपलेले."

बाई हसल्या. साधारण असंच, म्हणाल्या. त्याची बायको मात्र हसली नाही. तिने तारीख कधीची मिळेल ते विचारलं, आणि मिळाली ती पक्की करून टाकली. ती तारीख यायच्या आधीच ती औषधवाल्याकडे गेली आणि परत आली नाही.

लेक शहराच्या दुसऱ्या टोकाला राहायची, दोन बस बदलून यावं लागे. तिला शाळेची नोकरी होती. आईनंतर तिने काही दिवस रजा काढली, आणि परत जाताना पट्टीचं कसं करायचं ते विचारलं. तो म्हणाला, होईल माझं मी. तिने नानांना सांगून बघते म्हटलं. नाना भट्टी सांभाळतील की माझा पाय, असं म्हणून त्याने तिला बसमध्ये बसवून दिलं.

पिठाचं पोतं आडवं टाकून त्यावर पाय ठेवला, समोर दाढी करायचा आरसा टेकवला, आणि चिमट्याने पट्टी ओढली की काम होत होतं. कसंबसं. पट्टी मात्र चिकटायची. ओढली की नवी आलेली कातडी तिच्याबरोबर निघून यायची आणि त्याच्या डोळ्यांपुढे अंधारी यायची. बायको कोमट पाण्याने भिजवून भिजवून सोडवायची, पण तेवढा वेळ वाकून राहणं त्याला जमणारं नव्हतं. चार दिवस त्याने दात आवळून काढले. पाचव्या दिवशी शेजारच्या परातीतला मूठभर मैदा घेतला आणि जखमेवर भुरभुरवून वर पट्टी गुंडाळली. आयुष्यभर चिकटणाऱ्या गोष्टींवर त्याने हाच उपाय केला होता. पट्टी त्या दिवशी खरंच कमी चिकटली. त्याला जरा बरंसुद्धा वाटलं.

आणि पूर्वीसारखा तो पुन्हा भट्टीच्या भिंतीला पाय लावून बसायला लागला. ऊब बरी वाटायची. बायकोने तिथली खुर्ची हटवून गल्ल्यापाशी ठेवली होती, ती त्याने परत जागेवर आणली.

ऑपरेशनच्या आधी सगळं तपासून घ्यायचं होतं, म्हणून तो दवाखान्यात गेला तेव्हा मेहुणा बरोबर होता. बायकोचा हा धाकटा भाऊ बोलका. वाटेत त्याने भावजींना ऑपरेशनबद्दल स्वतःची सगळी मतं सांगितली, आणि ड्रेसिंगच्या खोलीत सिस्टरने पट्टी सोडली तेव्हा मात्र नाकाला रुमाल लावून गप्प झाला. सिस्टरने चिमट्याने जखमेवरून एक पापुद्रा उचलला. पिवळट, जाड, ओला. तिने तो उजेडात धरला.

"काका, हे काय आहे?"

"मैदा."

सिस्टरने पापुद्रा पुन्हा उजेडात फिरवून बघितला.

"पट्टी चिकटत होती," तो म्हणाला. "पीठ चिकटायला लागलं की आम्ही वरून कोरडं भुरभुरवतो."

हसावं की रागवावं हे तिला कळेना. शेवटी तिने दोन्ही केलं नाही. काका, मैदा म्हणजे जंतूंना जेवणाचं आमंत्रण, एवढंच म्हणाली, आणि भट्टीच्या उबेचं कळल्यावर, बसायला गरम जागाही दिलीत का, असं विचारलं. मग पाणी ओतून ओतून सगळा पापुद्रा काढला. हात चालू असताना तिने विचारलं की आता न चिकटणाऱ्या पट्ट्या मिळतात, निळ्या पाकिटात येतात, घरात नाहीत का. काकूंनी कधी आणल्या नाहीत का.

तो छताकडे बघत होता.

"घरात वापरायला नाहीत," तो म्हणाला.

सिस्टरने ते तसंच घेतलं आणि कागदावर नाव लिहून दिलं.

डॉक्टरीणबाईंनी तारीख पुढे ढकलली. आवाज न चढवता त्यांनी सांगितलं की जंतू हाडाच्या जवळ पोचलेत. आधी ते थोपवायचे, मगच पोटाला हात लावायचा. आणि ते थांबले नाहीत तर पोटाचा प्रश्न बाजूला राहील, पायाचा विचार करावा लागेल. कुठपर्यंत, असं मेहुण्याने विचारलं. बाईंनी स्वतःच्या गुडघ्याखाली हात आडवा धरून दाखवला.

त्या संध्याकाळी लेक बॅग घेऊन आली. शाळेत तिने काय सांगितलं, नवऱ्याला काय सांगितलं, ते त्याने विचारलं नाही आणि तिनेही सांगितलं नाही. तिने भट्टीपासची खुर्ची उचलून गल्ल्यापाशी नेली, बुटकं स्टूल ओढलं आणि त्याचा पाय मांडीवर घेतला. आईसारखी ती भराभर काम करत नव्हती. हळूहळू, जीभ दातांत धरून, लहानपणी चित्र रंगवायची तशी करायची. त्याला तिच्या तोंडावरून काही वाचता यायचं नाही. म्हणून तो विचारायचा, आणि ती खरं सांगायची. आज तसाच आहे. आज कड जरा लाल आहे. आज वास नाही.

वास नाही म्हणाली त्या दिवशी तो रात्रीचं नीट जेवला.

तारीख पुन्हा मिळाली. ऑपरेशन झालं. पोटावर चार-पाच बारीक छेद, आणि आत पोट म्हणे केळ्याएवढं ठेवलं होतं. शुद्धीवर आल्यावर त्याने पहिल्यांदा पाय हलवून बघितले. दोन्ही हलले. लेक उशाशी बसली होती, तिने ते पाहिलं आणि मान फिरवली.

पहिले दिवस घोट घोट पाण्याचे, मग घोट घोट सुपाचे. वाटी बघूनच पोट भरायचं. बाईंनी बजावलं होतं की आता कमी खाणं हे काम पोट करील, नेमकं खाणं तुम्हाला करायचं आहे. डाळ, अंडी, दूध आधी, बाकी उरलं तर. गोळ्या आयुष्यभर. हे केलं नाही तर वजन उतरेल पण फौज उपाशी राहील आणि जखम भरणार नाही, कारण नवी कातडी हवेतून येत नाही. गुडघा दुखला म्हणून बाजारातली कुठलीही दुखण्याची गोळी घ्यायची नाही, तिने नव्या पोटाला आतून जखम होऊ शकते. मेहुणा नेमकी तसलीच गोळी खिशात घेऊन आला होता. लेकीने ती त्याच्या हातातून काढून घेतली आणि मामा, ही तुम्ही स्वतः घ्या, फार बोलून तुमचा जबडा दुखत असेल, असं म्हणाली. बेकरीवाल्याला हसू आलं आणि टाके ओढले गेले. बायको गेल्यापासून तो पहिल्यांदा हसला होता. हसताना दुखलं म्हणून त्याला ते लक्षात राहिलं.

तो बेकरीत परत उभा राहिला तेव्हा पँटला दोरी बांधावी लागत होती. गिऱ्हाइकं त्याला बघून दचकायची. एका बाईने त्यालाच विचारलं की मालक कुठे गेले. मेहुणा म्हणाला, भावजी, पंख्याखाली उभे राहू नका. त्याचे केस मधल्या काळात मूठ मूठ गळले, बाईंनी सांगितलंच होतं, आणि मग पुन्हा यायला लागले.

भाडेकरू मात्र हलायला तयार नव्हता. वजन उतरत होतं आणि जखम होती तिथेच होती. लेक म्हणायची, तसाच आहे. पुन्हा, तसाच आहे. तो विचारायचा थांबला. एकदा संध्याकाळी तिने पट्टी सोडली. मग स्टूल उजेडाकडे सरकवलं. मग त्याचाच दाढीचा आरसा आणून त्याच्यापुढे धरला.

"मी सांगत नाही. तुम्हीच बघा."

खालच्या कडेला नखाएवढी गुलाबी पट्टी दिसत होती. नवी कातडी. पातळ, चकचकीत, कागदासारखी. त्याने आरसा जवळ घेतला, लांब घेतला. पत्र्यावर ठेवलेला गोळा तासभर होता तसाच दिसतो आणि मग नजर वळवून परत बघावं तर फुगलेला असतो, तसं काहीतरी त्याला वाटलं, पण तो बोलला नाही. मैद्याची उदाहरणं द्यायला त्याला लेकीची बंदी होती.

त्यानंतर कडा आत येत गेल्या. थंडीच्या दिवसांत बेकरीत सर्दीतापाची साथ आली. नाना पडले, गल्ल्यावरची मुलगी पडली, मेहुणा तर अंथरुणातून फोन करून सगळ्यांना आपला ताप सांगत होता. मग बेकरीवाल्याला कणकण आली. पूर्वी असली सर्दी त्याच्या छातीत उतरून महिना महिना मुक्काम करायची, एका वर्षी तर दवाखान्यात ठेवावं लागलं होतं. लेकीने गोळ्यांची पिशवी भरली, डॉक्टरांना फोन करून ठेवला, आणि खुर्ची टाकून त्याच्याजवळ बसली. संध्याकाळी ताप चढला. रात्री घाम फुटला. सकाळी ती उठली तर तो अंथरुणात नव्हता. खाली भट्टीपाशी पीठ मळत होता. नानांना अजून दोन दिवस येता येणार नाही, म्हणाला.

पुढच्या तपासणीला बाईंनी रक्ताचा कागद त्याच्यापुढे सरकवला. सूज दाखवणारा आकडा पहिल्यांदाच जिथे असायला हवा तिथे आला होता.

"पायाची सूज?" त्याने विचारलं.

"नाही. आतली. अंगभर होती ती."

त्याने कागदाची घडी केली, उघडली, पुन्हा केली.

"म्हणजे भट्टी शांत झाली."

"शांत झाली. आता कामाला लागेल तेव्हाच पेटेल. पण जळण नीट घालत जा."

जिना उतरून तळमजल्यावर आल्यावर त्याच्या लक्षात आलं की आपण मध्ये थांबलोच नाही. लेक मागे राहिली होती. ती वरच्या पायरीवर उभी राहून डोळे पुसत होती आणि हसत होती, आणि वरून येणारी माणसं तिच्या बाजूने जात होती.

आता तो वाकू शकत होता. खुर्चीत बसून पाय गुडघ्यावर घेतला की नडगी समोर. पट्टी माझी मीच करीन, तू घरी जा, त्याने लेकीला सांगितलं, आणि या वेळी तिने ऐकलं, कारण निळ्या पाकिटांतल्या पट्ट्या कशा लावायच्या हे तिने त्याच्याकडून करवून घेतलं होतं. ती गेली. रविवारी फोन करायची. भाडेकरू काय म्हणतो, विचारायची. निघालाय, सामान बांधतोय, तो सांगायचा.

शाळेला सुट्टी लागली तेव्हा न कळवता ती आली. संध्याकाळची वेळ होती, शटर अर्धं ओढलेलं होतं. ती वाकून आत आली. वडील बुटक्या स्टुलावर बसले होते, आईच्या. पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली, मांडीवर पट्टीचा गुंडाळा. ते नडगीभोवती पट्टी फिरवत होते. सावकाश, एकावर एक, कडेला कड जुळवून.

ती समोर बसली आणि म्हणाली, आज मी करते. त्याने आधी नको म्हटलं. मग पाय पुढे केला.

तिने पट्टी सोडली. आतली पांढरीशुभ्र होती. खाली जखम नव्हती. वाटीएवढा एक गुलाबी डाग होता, कडा बुजलेल्या, वर बारीक सुरकुत्या. तिने बोटाने दाबून बघितलं. कोरडं. घट्ट.

"कधी भरली?"

"झाले थोडे दिवस."

"किती थोडे?"

तो भट्टीकडे बघत राहिला. तिने त्याच्या पायाशी पडलेली पाकिटं बघितली, रिकामी, नीट चपटी करून ठेवलेली. थोडे म्हणजे बरेच होते. तिच्या डोळ्यांत पाणी आलं, पण तोंडाने ती तिच्या आईचीच लेक होती.

"भाडेकरू गेला बाबा," ती म्हणाली. "आणि तुम्ही अजून रोज खोली झाडताय."

मग त्याचे खांदे हलायला लागले. हसतोय की काय होतंय हे तिला क्षणभर कळेना. हसतच होता. ती पण हसायला लागली. नाना आतून काय झालं म्हणून बघायला आले आणि बापलेकीला तसं बघून परत गेले.

"संध्याकाळचं दुसरं काय करायचं कळत नव्हतं," तो नंतर म्हणाला.

तिने त्याची पँट खाली केली आणि पायावर थाप दिली. तो उठला.

उरलेलं सामान दवाखान्यात देऊन टाकू, ती म्हणाली, सिस्टर दुसऱ्या कुणासाठी वापरतील. तो लगेच हो म्हणाला. दोघांनी मिळून फळ्यांवरून, गल्ल्याच्या खणातून, आरशामागून पट्ट्या, चिकटपट्ट्या, मलमाच्या नळ्या गोळा केल्या. एक खोकं भरलं. अजून कुठे काही आहे का बघायला ती पिठाच्या पोत्यांमागे गेली.

खुंटीवर पिशवी होती. इतक्या महिन्यांचं पीठ तिच्यावर बसून मूळचा रंग दिसत नव्हता. तिने हात पुढे केला.

"ती राहू दे," तो मागून म्हणाला.

तिने हात थांबवला, पण ती वाकून जवळून बघत राहिली. बंद एकमेकांत ओवून मारलेली गाठ. गाठीच्या बाजूला कापडाला फट पडली होती, आणि आत पाकिटांच्या कडा दिसत होत्या. निळ्या.

तिला वळायला वेळ लागला.

"ह्या पट्ट्या घरात होत्या? सगळा वेळ?"

"होत्या."

"बाबा, पाय गेला असता."

"हो."

आणखी काही तो बोलेल असं तिला वाटलं नाही. पण तो दोन पावलं जवळ आला आणि पिशवीकडे न बघता म्हणाला, "गाठ तिने मारलेली आहे."

गाठीवरचं पीठ फुंकरेने उडवावं असं तिच्या मनात आलं असावं, तसे ओठ झाले होते तिचे, पण तिने ते केलं नाही. तिने खोकं उचललं. त्याने ते तिच्या हातातून घेतलं आणि खांद्यावर टाकलं. दवाखाना बंद व्हायला अजून वेळ होता. शटर वर ढकलून ते बाहेर पडले. चालताना तो पुढे जायला लागला तेव्हा तिने त्याला सांगितलं, जरा हळू.

सिस्टरने खोकं ठेवून घेतलं. पाय बघायला मागितला, बघितला, आणि काका, आता मैदा पत्र्यावरच, म्हणाली.

तो आता संध्याकाळी चालायला जातो. नडगीवरचा डाग दिवसेंदिवस फिकट होत चालला आहे. पिशवी खुंटीवर आहे. तिची गाठ सोडायची राहिली आहे.